भोंग्यावरचं पोतं

कृष्णात कांबळ्याची मोटरसायकल आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. मिल्ट्रीच्या लिलावात निघालेली जुनी बुलेट होती ती, बेळगावच्या एका निवृत्त सुभेदाराकडून त्याच्याकडं आलेली. हँडलच्या पुढं लोखंडी पट्टीवर एक भोंगा, मागं कॅरिअरला लाकडी खोक्यात मशीन आणि बॅटरी, आणि मधे काळा चष्मा लावून बसलेला कृष्णात. माळावर तंबू टॉकीज आलेलं असो, निपाणीत साड्यांचा सेल लागलेला असो, नाहीतर कुणाची म्हैस दावं तोडून पळालेली असो, आसपासच्या गावांना ते कृष्णातच्या तोंडून कळायचं. मराठी गावात तो मराठी बोलायचा, कानडी गावात कानडी, आणि सरमिसळ असेल तिथं एक वाक्य ह्यात नि एक त्यात. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या त्या दिवसांत निपाणीच्या बाजूला हा धंदा करणारा दुसरा कुणी नव्हता. आपल्यासारखे आपणच, असं त्याचं मत होतं आणि ते तो कुणापासून लपवून ठेवत नसे.

एवढ्या मोठ्या तोंडाच्या गड्याचं तोंड एकाच ठिकाणी बंद व्हायचं. स्वतःच्या गावाची, खडकेवाडीची वेस आली की तो मशीन बंद करायचा, गाडी उभी करायचा, पिशवीतून जोंधळ्याचं रिकामं पोतं काढायचा, भोंग्यावर चढवायचा आणि सुतळीनं आवळून गाठ मारायचा. मगच गावात शिरायचा. बाजारात एवढी गरजणारी गाडी गावात येताना नव्या नवरीसारखं तोंड झाकून का येते, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. गावाला बरोबर ठाऊक होतं. ते पोतं बापाच्या शब्दाखातर होतं.

बापाचं नाव देवाप्पा. एके काळी खडकेवाडीत दवंडी द्यायचं काम त्याच्याकडं होतं. त्याच्या बापाकडं होतं म्हणून त्याच्याकडं. गळ्यात हलगी अडकवायची आणि वरच्या वेशीपासून सुरुवात करायची. मग चावडी, मग पाटीलगल्ली, मग देऊळ. 'ऐका हो ऐका' म्हणून हाळी द्यायची, सरकारचं नाव घ्यायचं, पाटलाचं नाव घ्यायचं, निरोप सांगायचा आणि पुढं चालायला लागायचं. सांगणाऱ्याचं नाव त्यात कुठंच नसायचं. बदल्यात सुगीला खळ्यावर सूपभर जोंधळे आणि सणावारी भाकरी, त्याही लांबून पदरात टाकलेल्या. ह्या सगळ्याला गाव 'मान' म्हणायचं. ज्याला मिळायचा त्याला तो मान कसा लागायचा, हे विचारायला मात्र कुणी थांबत नसे.

त्यातली खरी गंमत वेगळीच. गावभर फिरणारी दवंडी खालच्या वस्तीत कधी यायचीच नाही. दवंडी देणारा तिथलाच, मग तिथं वेगळं काय सांगायचं, असं गावाचं म्हणणं. देवाप्पा ओरडून ओरडून घसा धरून घरी यायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि आडवा व्हायचा. एकदा देवी टोचायला डॉक्टर आला नि गेला, एकदा चावडीत रॉकेल वाटून संपलं. साऱ्या गावाला पत्ता, वस्तीलाच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कृष्णातची आई तानुबाई त्यावरून नवऱ्याला अजूनही टोचायची, "समद्या गावाला सांगून आलं आन बायकूला सांगायचं इसरलं. असला ह्यो दवंडीवाला!"

छप्पन्न सालानंतर वस्तीनं धम्म घेतला. भिंतीवरचे देव उतरले, तिथं बाबासाहेबांचा फोटो लागला, आणि देवाप्पानं हलगी नेऊन चावडीच्या पायरीवर ठेवली. "ह्या घरातनं परत हाळी जायची न्हाय," एवढंच तो म्हणाला आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला लागला. वखारीत उडणाऱ्या तंबाखूच्या खकाण्यानं, त्या बारीक धुळीनं, त्याची छाती भरली, खोकला कायमचा मागं लागला, पण चावडीची पायरी तो परत चढला नाही. आणि अशा बापाच्या पोरानं मोठा झाल्यावर भोंगा विकत घेतला. म्हातारा त्याच्याशी महिनाभर बोललाच नाही. बोलला तेव्हा म्हणाला, "हलगीला बॅटरी लावलीस व्हय रं? भाईर काय करायचं ती कर. माज्या गावात त्येचं तोंड उघडं दिसाय नगं."

कृष्णातला हे फार लागलं होतं. आपला धंदा म्हणजे बापाची दवंडी नव्हे, हे त्याला शंभर टक्के ठाऊक होतं. बाजारात लोक त्याचा आवाज ऐकून दुकानातून बाहेर यायचे, टॉकीजचा मालक त्याला खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा. पण ज्या एका माणसानं 'बरं करतोयस' म्हणावं म्हणून जीव तुटायचा, तो माणूस भोंग्याकडं बघतही नव्हता.

एका बाजारादिवशी खडकेवाडीचे परशराम पाटील त्याच्या निपाणीच्या दुकानात आले. जत्रा कमिटीचे ते अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. पण गावच्या रीतीपलीकडंही काही असतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

"कृष्णात, यंदा भैरोबाची जत्रा मोठी करायची ठरलीया," स्टुलावर टेकत ते म्हणाले. "गावातली पयली दवंडी तुज्या घरानं द्यायची. तुमचा मान हाय, वीस वर्सं मोकळा पडलाय. भवतीच्या गावांत बेळगावची जीप फिरणार. तिला सांगून ठेवलंय."

"पाटील, मी दवंडी देत न्हाय," कृष्णात म्हणाला. "मी कळवतो. आन कळवायचं तर गावातबी मीच कळवणार, भवतीच्या गावांतबी मीच. दर फळीवर लिवलाय."

पाटील हसले. "जीपला दोन भोंगं हाईत बाबा. तुजा एकुलता एक, त्योबी नाकातनं बोलतोय. वड्यापलीकडच्या मळ्यात तुजा आवाज जाईल का तरी?"

हे खरं होतं, आणि खरं तेच जास्त झोंबतं. जुनं मशीन तापायलाच वेळ घ्यायचं. आत जुन्या रेडिओसारखे काचेचे दिवे होते, गाडी खड्ड्यात आदळली की आवाज बसायचा, मग खोक्याला एक थापड मारली की परत यायचा. पण हार मानणं कृष्णातच्या रक्तात नव्हतं.

"जत्रेच्या आदल्या रविवारी वरच्या वेशीत परीक्षा ठेवा," तो म्हणाला. "जीपबी येऊ द्या. आवाज पटला तर समदं काम माजं, आन काम म्हणून, दरानं."

"बघू की," पाटील म्हणाले आणि उठले. मोठ्या माणसाच्या 'बघू की' मधे काय काय मावतं, ते त्यालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी बुलेट बेळगावच्या खडेबाजारात रवळूच्या दुकानापुढं उभी होती. रवळू खानापूरकडचा, रेडिओ दुरुस्त करणारा. माणसांशी कमी बोलायचा, मशीनशी जास्त. त्यानं कृष्णातचं खोकं उघडलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे मशीन न्हवं, चूल हाय. भाकरी भाज हेच्यावर."

"म्हणून तर आलोय. नवीन काय हाय ती काढ."

रवळूनं ट्रान्झिस्टरचं मशीन काढलं. बटण दाबलं की लगेच बोलणारं, जुन्याच्या निम्म्या वजनाचं. दोन नवे भोंगे काढले, मागं गरगरीत युनिट बसवलेले. त्याचं म्हणणं, दोन्ही भोंगे जीपसारखे पुढंच लावावेत. कृष्णातनं ऐकलं नाही. "एक म्होरं आन एक मागं," तो म्हणाला. "येताना म्होरच्याला सांगायचं, जाताना मागं ऱ्हायलेल्याला. माणसाच्या पाठीला कान नसत्यात, पण माज्या गाडीला असू देत." रवळूला ते पटलं की तो कंटाळला कुणास ठाऊक, पण त्यानं तसे बसवले. वजन एका अंगाला जाऊन गाडी कलू नये म्हणून डाव्या बाजूला बॅटरी घेतली, उजव्या बाजूला मशीन.

गाडी चालू केली आणि माईकमधे 'हॅलो' म्हटलं, तर भोंग्यातून फुटाणे भाजल्यासारखा कडकडाट. इंजिनाची ठिणगी आवाजात घुसत होती. रवळूनं प्लगला वेगळी टोपी बसवली, मशीनची एक वायर नेऊन चॅसीला घट्ट आवळली. कडकड गेली. मग बुलेटची थरथर राहिली. ती सबंध खडेबाजार हलवणारी गाडी, तिच्यावर नाजूक मशीन टिकायचं कसं? ह्यावर तोडगा कृष्णातनंच काढला. सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या पट्ट्या केल्या आणि मशीन खोक्यात त्या पट्ट्यांवर पाळण्यासारखं टांगलं. खाली गाडी काहीही उड्या मारू दे, मशीन आपलं झुलत राहणार. रवळूनं ते दोनदा हलवून बघितलं आणि पहिल्यांदाच माणसाशी बोलावं तसं बोलला, "हे मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला बसवलं तर चालंल न्हवं?"

परत येताना काकती ओलांडल्यावर कृष्णातला राहवेना. रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली, समोर लांबवर पसरलेली शेतं बघितली, आणि माईक तोंडाजवळ धरून म्हणाला, "नमस्कार मंडळी! साउंड चेकिंग चालू आहे." त्याला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. नाकातला तो घोगरेपणा गेला होता. अक्षर न् अक्षर सुटं ऐकू येत होतं. पार टोकाच्या बांधावर भांगलणाऱ्या बायका ताठ उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हातारी खुरपं घेऊन तडक रस्त्यापर्यंत चालत आली.

"कोण मेलंय म्हणून वरडालास रं एवढं?" ती म्हणाली. "माझी म्हस तिकडं दचकून उभारलीया."

"तिथवर आला का आवाज, आज्जी?"

"तिथवर? माझ्या मेलेल्या नवऱ्यापतोर गेला असंल!"

कृष्णातनं म्हातारीच्या पायाला हात लावला आणि गाडीला किक मारली. ह्याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट त्याला नको होतं.

खडकेवाडीची वेस आली तेव्हा मात्र नवीनच अडचण उभी राहिली. भोंगे दोन झाले होते, म्हणजे पोतीही दोन लागणार. वेशीजवळच्या दुकानातून त्यानं आणखी एक पोतं मागून घेतलं, दोन्ही भोंग्यांची तोंडं बांधली आणि घराकडं निघाला. देवाप्पा अंगणात बाज विणत बसला होता. बाहेरच्या चुलीवर तानुबाईचं कालवण शिजत होतं.

"आप्पा, रविवारी वरच्या वेशीत माज्या मशीनची परीक्षा हाय," कृष्णातनं सरळच सांगितलं. "तेवढ्यापुरतं पोतं काढू द्या."

"न्हाय."

"तुमी हाळी दिलासा ती त्येंच्या नावानं, त्येंच्या सुपावर. मी माज्या नावानं कळवतो, दर लावून. देवाची जत्रा असू दे न्हायतर साड्यांचा सेल, मला दोनी सारखंच. मी भक्ती करत न्हाय, कळवतो."

देवाप्पानं काथ्याची दोरी ताणून बसवली. म्हाताऱ्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे कृष्णातला लहानपणापासून माहीत होतं. पण ह्या वेळी घडा जरासा तरी उताणा झाला.

"त्येंनी तुला काय म्हणून बलीवलंय?" म्हाताऱ्यानं विचारलं. "काम म्हणून का मान म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण कृष्णातला बापाशी खोटं बोलवेना. "ते मान म्हणाल्यात," तो म्हणाला. "मी काम म्हणालो."

"मग परशराम पाटलाच्या तोंडातनं 'काम' ह्या कानानं ऐकीन, तवा बघू. तवर पोतं हलायचं न्हाय."

"तुमी ऐकणार कुठनं?" चुलीपाशी बसलेली तानुबाई मधेच म्हणाली. "ते बोलणार वर वेशीत. हिकडं खाली कवा कोण काय सांगाय आलंय?"

देवाप्पानं बाजेची पुढची दोरी ओढायला घेतली. कृष्णातही जेवून उठला. पण उठताना त्याची मान ताठ होती, कारण बापानं आज पहिल्यांदा 'न्हाय' च्या पुढं काहीतरी म्हटलं होतं. आता सगळं पाटलांच्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं, आणि तो शब्द वरच्या वेशीत उच्चारून खालच्या वस्तीत पोचायला हवा होता.

रविवारी सकाळी वरच्या वेशीत अर्धं गाव जमलं. कमिटीचे लोक पिंपळाच्या कट्ट्यावर बसले होते. जीपवाला आधी फिरून आला. त्याचा आवाज चांगला होता, खोटं कशाला बोला. फक्त इंजिनाची कडकड बोलण्यात मिसळत होती आणि मळ्याकडं तोंड फिरवलं की पाटीलगल्लीला काही ऐकू येत नव्हतं. कमिटीनं माना डोलावल्या. मग कृष्णातची बुलेट आली, दोन्ही भोंग्यांची तोंडं पोत्यांनी बांधलेली. लोक हसले.

"आता तरी सोड की ती पोती," पाटील म्हणाले.

"सोडतो. आदी बोलणी होऊ द्यात."

"बोलणी कसली? थांब जरा." पाटलांनी मागं बघून हात केला. गर्दीतून त्यांची बायको नागुबाई पुढं आली. तिच्या हातात सूप होतं, सुपात पांढरेशुभ्र जोंधळे, वर नारळ, आणि नारळाशेजारी नव्या कातड्याची हलगी. नागुबाईच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "लेकरा, वीस वर्सं हे राहून गेलंतं," ती म्हणाली. "तुज्या घरचा मान आज गाव परत देतंय. घे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्याच मनात खोट नव्हती. गावानं आपल्या परीनं मोठ्या मनाचं काम केलं होतं, आणि अवघड होतं ते हेच. शिवी दिली असती तर उलटून शिवी देता येते. पाणावल्या डोळ्यांनी पुढं केलेलं सूप परत कसं करायचं? कृष्णातच्या कानशिलाची शीर उडायला लागली. ह्याच वेशीत त्याचा बाप गळ्यात हलगी घालून उभा राहायचा, आणि ह्यांतल्या एकानंही त्याला कधी 'बस' म्हटलं नव्हतं. त्यानं गाडी स्टँडवर लावली, चष्मा काढला आणि नागुबाईला हात जोडले.

"काकी, तुमच्या मनात वाईट न्हाय, मला ठावं हाय," तो म्हणाला. मग पाटलांकडं वळला. "पाटील, एक सांगा. जीपवाल्याला सूप दिलासा का?"

पाटलांना प्रश्नच कळला नाही. जीपवाला बॉनेटला टेकून पान चघळत होता, तो म्हणाला, "मला आन सूप कशाला? मी काय पाखडायला आलोय व्हय हितं?"

लोक खो खो हसले. मग हसणं हळूहळू थांबलं, कारण कृष्णात हसत नव्हता.

"त्यो भाईरचा हाय रं," पाटील म्हणाले. "तू गावचा."

"गावचा म्हणून सूप आन भाईरचा म्हणून दर? मग मला बी भाईरचाच समजा. मान नगं पाटील. काम द्या."

पाटलांनी सुपाकडं बघितलं, जीपकडं बघितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग उतरला. माणूस चुकतो ते ठीक आहे, पण चार लोकांत चूक गिळायला छाती लागते. त्यांच्याआधी नागुबाईच बोलली.

"अवं, पोरगं खरं बोलतंय," सूप खाली कट्ट्यावर ठेवत ती म्हणाली. "आपल्या पोराला कुनी पगाराऐवजी सूप दिलं असतं तर तुमी घेऊ दिलं असतासा का?"

पाटलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "बरं बाबा," ते म्हणाले. "काम. गावातलं आन भवतीच्या गावांतलंबी. पण आवाज पटला तर. झालं?"

"झालं न्हाय. ज्येनी हे ऐकाय पायजे त्ये हितं न्हाईत." कृष्णातनं मशीनचं बटण दाबलं, आवाजाची खुंटी पार टोकापर्यंत फिरवली आणि माईक पाटलांच्या हातात दिला. "हितनं म्हणा. परीक्षाबी हुईल आन बोलणंबी."

"पोत्यातनं?"

"पोत्यातनंच."

पाटलांनी माईक तापल्या तव्यासारखा दोन बोटांत धरला. घसा खाकरला, तर तो खाकरलेलाच एवढा मोठा घुमला की पिंपळावरचे कावळे उडाले आणि दोन्ही पोत्यांतून जोंधळ्याच्या भुसकटाचा धुरळा बाहेर पडला. लोक चार पावलं मागं सरले.

"मी परशराम पाटील बोलतोय," ते म्हणाले. स्वतःचा आवाज ओढ्यापलीकडून परत येताना ऐकून ते जरा थांबले, आणि मग मन घट्ट करून पुढं बोलले, "भैरोबाच्या जत्रेचं कळवायचं काम कृष्णात कांबळ्याला दिलंय. काम म्हणून दिलंय. त्येच्या दरानं. मान म्हणून न्हाय."

आवाज पोत्यांमुळं थोडा जाडसर येत होता, पण शब्द न् शब्द स्वच्छ होता. मळ्यात मोट थांबली. लांब ओढ्याच्या पल्याड तंबाखूच्या शेतातली माणसं हात कपाळावर धरून वेशीकडं बघायला लागली. जीपवाल्यानं पानाची पिंक टाकली, कृष्णातच्या खोक्याजवळ येऊन आत टांगलेल्या ट्यूबच्या पट्ट्या बघितल्या आणि आपल्या जीपमधे जाऊन बसला.

कृष्णातचं लक्ष त्या कशाकडंच नव्हतं. तो खालच्या वस्तीकडून येणाऱ्या वाटेकडं बघत होता. मशीनवर त्याचा भरवसा होता, बापावर अजून नव्हता.

बऱ्याच वेळानं चढावर पांढरं मुंडासं दिसलं. देवाप्पा एकटाच येत होता, मधे खोकत, थांबत. ज्या वेशीतून तो वीस वर्षं मान खाली घालून गेला होता, तिथं आज वर बघून आला. लोकांनी वाट दिली. पाटील उठून उभे राहिले आणि कट्ट्यावरची आपली जागा दाखवत म्हणाले, "ये देवाप्पा, बस."

"बसाय आलो न्हाय," देवाप्पा म्हणाला.

तो मोटरसायकलजवळ गेला. पुढच्या भोंग्यावरची सुतळी त्यानं चाचपली. गाठ घट्ट बसली होती. कृष्णात पुढं झाला, तर म्हाताऱ्यानं हातानंच त्याला थांबवलं. नखानं उकरून उकरून त्यानं ती गाठ सोडवली. पोतं ओढून काढलं, दोनदा झाडलं, घडी घातली. मग मागच्या भोंग्याकडं वळला. दुसरंही पोतं काढलं, झाडलं, पहिल्यावर ठेवलं आणि ती घडी बुलेटच्या मागच्या सीटवर टाकून वर बसला. जन्मात पहिल्यांदा बसला, पण रोज बसत असल्यासारखा बसला.

"चल," तो म्हणाला.

कृष्णातनं किकवर पाय ठेवला. "कुठनं सुरू करू, आप्पा? हितनं? ही वरची वेस हाय."

"हितनं किती वर्सं झाली सुरुवात. आज खालनं कर."

बुलेट धडधडत उतारावरून खाली गेली आणि वस्तीच्या चौकात येऊन थांबली. बायामाणसं आधीच दारांत आली होती. तानुबाई पिठाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यात उभी होती. कृष्णातनं इंजिन बंद केलं, माईक हातात घेतला आणि नेहमीच्या ठसक्यात सुरुवात केली.

"नमस्कार मंडळी! येत्या पुनवेला खडकेवाडीत भैरोबाची मोठी जत्रा भरणार आहे. कुस्त्या आहेत, गाड्यांच्या शर्यती आहेत, रात्री तमाशा आहे. ज्यांना देवासाठी यायचं त्यांनी देवासाठी यावं, ज्यांना नाही त्यांनी निदान कुस्त्या बघाव्यात. कळवणार, कृष्णात देवाप्पा कांबळे!"

आवाज घरांवरून, ओढ्यावरून, मळ्यावरून गेला आणि माळाच्या अंगाला लागून परत आला. तानुबाईनं पदरानं डोळे पुसले, चेहऱ्याला पीठ लागलं, आणि ती शेजारणीला म्हणाली, "जन्मात पयल्यांदा मी दारात उभारून ऐकलो बघ. बरं वाटलं बाई."

मागच्या सीटवर देवाप्पा अजून तसाच बसून होता. माळावरून परत येणारा आवाज पुरा विरेपर्यंत त्यानं मान वाकडी करून ऐकला. मग पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"परत म्हण रं," तो म्हणाला. "ह्या कोपऱ्याला ऐकू गेलं न्हाय."

ओढ्यापलीकडची माणसं अजून कामं सोडून इकडंच बघत होती, आणि म्हातारा म्हणत होता ऐकू गेलं नाही. कृष्णातनं मागं वळून बघितलं. "समदं म्हणू, आप्पा?"

"न्हाय," देवाप्पा म्हणाला. "शेवटचं तेवढंच."